डेमो बोर्ड घेऊन सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर: ऑल-माउंटन स्नोबोर्ड घेण्याआधी केलेली तपासणी

नमनाला घडाभर तेल नको. ऑल-माउंटन स्नोबोर्ड विकत घ्यायचा होता, म्हणजे एकाच बोर्डवर सगळं थोडं थोडं जमावं असा, आणि घेण्याआधी तो डेमोवर (चालवून बघायला भाड्याने) आणून डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमेल तसा वेगवेगळ्या बर्फात चालवून बघितला. ब्रँड आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, दरवर्षी काहीतरी बदलतंच त्यात. तपासायचं कसं हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझा बराच वेळ वाचला असता, म्हणून हे लिहितेय.

माझा आधीचा बोर्ड शिकतानाचा, मऊ आणि पूर्ण रॉकर, म्हणजे दोन्ही टोकांकडे वर वळलेला. सोप्या उतारावर एकदम गुणी, पण जरा वेग घेतला की पुढचं टोक फडफडायला लागायचं आणि कडक बर्फावर तर पाय कुठे चाललेत तेच कळायचं नाही. रिव्ह्यू वाचायला बसले तर डोक्याला ताप. एकाच बोर्डला एक जण मऊ म्हणतो, दुसरा ताठ. ते तसं असणारच, कारण फ्लेक्सचा, म्हणजे बोर्ड किती ताठ त्याचा, 1 ते 10 आकडा प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, सगळ्यांना लागू होईल असं एक मोजमापच नाही, त्यामुळे एकीचा 5 हा दुसरीचा 7 असू शकतो. त्यात लिहिणारा 85 किलोचा असेल तर त्याला मऊ वाटणारा बोर्ड मला 58 किलोला चांगलाच ताठ वाटणार. उचलली जीभ लावली टाळ्याला असे रिव्ह्यू खूप असतात, लिहिणाऱ्याचं वजन, बुटाचा साइज आणि बर्फ कसा होता हे तीन नसतील तर मी आता पुढे वाचतच नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डेमो सेंटरला नाव नोंदवलं. फॉर्म वाटला त्यापेक्षा लांबलचक निघाला. उंची, वजन, बुटाचा साइज, रेग्युलर की गूफी (डावा पाय पुढे की उजवा), किती येतं, आणि मग दोन पानं नुसती जबाबदारीची. ती दोन पानं नीट वाचा. त्यात लिहिलेलं असतं की बेसला (बोर्डच्या खालच्या बाजूला) इतका खोल घाव पडला की आतलं लाकूड दिसतंय, किंवा एज (कडेची स्टीलची पट्टी) फाटली, तर खर्च तुमचा. आमच्या इथे थोडे जास्त पैसे भरून डॅमेज कव्हर मिळत होतं, पण त्यात चोरी धरलेली नव्हती, म्हणजे बोर्ड कॅफेबाहेर टेकवून आत गेलात आणि तो गेला तर तुमचं तुम्ही बघा. (एक साधं बारीक कुलूप तेव्हापासून खिशात असतं.) डिपॉझिट कार्डवर ब्लॉक करतात, कापत नाहीत, पण तो ब्लॉक सुटायला बँकेला वेळ लागतो, त्यामुळे कार्डवर तेवढी मोकळी जागा ठेवून जा. डेमोचं भाडं साध्या भाड्यापेक्षा बरंच जास्त होतं, मात्र त्याच सीझनमध्ये त्यांच्याकडूनच बोर्ड घेतला तर ते किमतीतून वजा होणार होतं. हे तोंडी ऐकून थांबू नका, पावतीवर लिहून घ्या. आणि बोर्ड हातात पडल्या पडल्या बेसचा आणि दोन्ही बाजूंच्या एजचा फोटो काढा, काउंटरवरच, त्यांच्यासमोर. कुणी वाईट मानत नाही.

मला 149 सेंटीमीटर लांबीचा हवा होता, तो आधीच कुणीतरी नेलेला. 152 मोकळा होता. वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकलं आणि तोवर 152 घेतला. तेव्हा चिडचिड झाली, पण त्यामुळे एकच मॉडेल दोन लांब्यांमध्ये चालवायला मिळालं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळाली. बोर्ड हनुवटी ते नाक यांच्या मध्ये यावा हा जो ठोकताळा सगळे सांगतात तो सुरुवातीला ठीक आहे, पण बोर्डला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. म्हणून कंपनीचा वजनाचा तक्ता आधी बघा. मग रुंदी. बुटाचं टोक आणि टाच एजच्या बाहेर थोडी यायलाच हवी, साधारण एक-दोन सेंटीमीटर, त्याहून जास्त आली तर वळणात बोर्ड कलला की बूट बर्फाला घासतो आणि एज उचलली जाते.

मांडणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथेच बहुतेकांची तुलना फसते. बूट स्वतःचे न्या. डेमोच्या बाइंडिंगचं (बूट बोर्डला अडकवणाऱ्या पकडीचं) मॉडेल दर वेळी तेच मागा. दोन पायांमधलं अंतर आणि कोन फोनमध्ये लिहून ठेवा, माझे पुढचा पाय अधिक 15, मागचा उणे 9. बोर्ड बदलताना हे सगळं जसंच्या तसं ठेवलं तरच फरक बोर्डचा असं म्हणता येतं, नाहीतर तुम्ही बाइंडिंग टेस्ट करून येता आणि नाव बोर्डचं घेता. बहुतेक बोर्डांवर भोकं 2 बाय 4 च्या मांडणीत असतात, म्हणजे बाइंडिंग पुढे-मागे 2 सेंटीमीटरच्या टप्प्याने सरकतं, जुन्या 4 बाय 4 मध्ये तो टप्पा 4 सेंटीमीटरचा. बर्टनच्या बऱ्याच बोर्डांना भोकांऐवजी मधून लांब खाच असते, तिथे मात्र तुमचं बाइंडिंग बसतं का ते आधी विचारा. पहिल्या रननंतर स्क्रू परत आवळायचे, ते थोडे सैल होतातच. तीन नंबरचा छोटा स्क्रूड्रायव्हर जॅकेटच्या खिशात टाकून ठेवा.

अजून एक, काउंटरवरच्या टेक्निशियनला दोन गोष्टी विचारायच्या: एज किती अंशांवर लावलीय आणि वॅक्स (बेसला लावायचं मेण) कुठल्या तापमानाचं आहे. आमच्या इथला माणूस आधी माझ्याकडे बघतच राहिला, मग खूश होऊन म्हणाला, "ताई, हे विचारणारं कुणी येतच नाही." बेसच्या बाजूने 1 अंश आणि बाजूच्या कडेने 1 अंश, म्हणजे कोपरा एकूण 90 चाच, वॅक्स सगळ्या तापमानांना चालेल असं. मग त्याने एक साधी युक्ती दाखवली. अंगठ्याचं नख एजवर आडवं हलकेच ओढायचं, नखाची पांढरी भुकटी निघाली तर एज धारदार, नुसतंच घसरलं तर बोथट. त्याने टोकापासून शेपटीपर्यंत चार-पाच ठिकाणी तसं करून दाखवलं, मधल्या भागात पांढरी रेघ उमटली, दोन्ही टोकांकडे मुद्दाम बोथट केलेलं म्हणून काहीच नाही. आता कुठलाही बोर्ड हातात आला की माझं नख आधी तिकडे जातं.

पहिली फेरी 28 डिसेंबरला, सकाळी लिफ्ट सुरू झाल्या झाल्या, उणे 12, रात्री मशिनने ग्रूम केलेला, म्हणजे दाबून सपाट केलेला, कोरा करकरीत उतार. असा बर्फ कुठल्याही बोर्डला छान दाखवतो हे लक्षात ठेवा, इथल्या आनंदावर निर्णय घेऊ नका. पण इथे एक गोष्ट स्वच्छ तपासता येते, ती म्हणजे कार्व्हिंग. बोर्ड एजवर कलवून, मागचा पाय न ढकलता, एजला आपली वाट काढू द्यायची आणि मग परत चेअरलिफ्टने वर जाताना खाली वाकून स्वतःचीच रेघ शोधायची. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक असेल तर कार्व्ह झाला, फराटा असेल तर घसरलात. माझी टोसाइडची (बोटांकडच्या एजवरची) रेघ बारीक होती, हीलसाइडला (टाचेकडच्या एजवर) शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात फराटा. जुन्या बोर्डवरही तिथेच फराटा यायचा, म्हणजे तो माझ्या पायांचा, बोर्डला बोल लावून उपयोग नाही. वेगात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. या बोर्डला दोन्ही पायांच्या मधे आणि खाली कॅम्बर (वर उचललेली कमान), टोकांकडे थोडा रॉकर, त्यामुळे मधला भाग बर्फाला दाबून धरतो आणि टोकं अडकत नाहीत. सपाट भागावर बोर्ड एकदम सपाट ठेवून सरळ जाऊन बघा, आणि एक पाय मोकळा ठेवून लिफ्टवरून उतरताना कसा वागतो तेही बघा, दिवसातून कितीतरी वेळा तेच करायचं असतं आणि रिव्ह्यूत त्याबद्दल एक ओळ नसते.

जानेवारीच्या मध्यात दोन दिवस ऊन पडून वरचा थर वितळला आणि रात्रीत सगळं घट्ट गोठलं. असा दिवस लोक हॉटेलात काढतात, टेस्ट करायला मात्र याच्यासारखा दिवस नाही. माझा मावसभाऊ स्कीवाला, तो म्हणाला, "ताई, आज राहू दे ना, उगीच मनगट मोडून घेशील." त्याचं अगदीच चूक नव्हतं, स्नोबोर्डिंगमध्ये मनगटाच्या दुखापती सगळ्यात जास्त होतात, कारण पडताना हात आपोआप पुढे किंवा मागे जातो. रिस्ट गार्ड घातले, हेल्मेट तर रोजचंच, आणि गेलो.

पहिल्याच तीव्र उतारावर हीलसाइडला बोर्ड थडथडायला लागला, एज धरते-सोडते-धरते, त्याचा आवाज टाचेतून थेट दातांपर्यंत. पाचावर धारण बसली म्हणा ना. दोन रन झाल्यावर वाटलं हा बोर्ड काही खरा नाही. पण नख लावून बघितलं तर मधल्या भागातही भुकटी नाही, डिसेंबरपासून तो कित्येक जणांच्या पायाखालून गेलेला. खाली येऊन टेक्निशियनला सांगितलं, त्याने बाजूची कड फाइल करून, डायमंड स्टोनने बारीक कुसं काढून दिली, पाऊण तास वाट बघावी लागली कारण रांगेत शाळेच्या ग्रुपचे बोर्ड होते. परत त्याच उतारावर गेले आणि थडथड निम्म्याहून कमी. पूर्ण गेली नाही, ती मऊ-मध्यम फ्लेक्सची मर्यादा आहे, ताठ बोर्ड अशा बर्फावर जास्त शांत राहतो. पण आधीच्या दोन रनवर मत बनवलं असतं तर बोर्डवर उगीच अन्याय झाला असता. कडक बर्फावर टेस्ट करण्याआधी धार बघा, एवढं एक तरी करा.

1965 मध्ये अमेरिकेत शर्मन पॉपेनने दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी जो स्नर्फर केला, त्यातून पुढे हे सगळं सुरू झालं, आणि स्नर्फरला ना बाइंडिंग होतं ना स्टीलची एज, पुढच्या टोकाला बांधलेली दोरी धरून उभं राहायचं. त्या दिवशीचा तो गोठलेला उतार त्यावरून कुणी उतरला असता तर मी बसून बघितलं असतं.

पावडरची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाची, वाट सगळ्यात जास्त बघावी लागली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठं वादळ आलं, बर्फ भरपूर, पण वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद, आणि वारा थांबल्यावरही स्की पॅट्रोलवाल्यांचं (उतारावरच्या सुरक्षा पथकाचं) हिमस्खलनाचं काम उरकेपर्यंत वरचा भाग उघडला नाही. डेमोचं भाडं मात्र चालूच. इथे एक टिप, वादळाच्या दिवसांत बोर्ड आधीपासून नेऊन ठेवू नका, वरच्या लिफ्टचं सकाळचं स्टेटस बघून मग उचला, फक्त राखीव करून ठेवा.

तोवर 149 मिळाला होता. भावाला बरोबर घेतलं कारण झाडांमध्ये एकटं जायचं नाही हा माझा नियमच आहे. खोल बर्फात झाडाच्या बुंध्याभोवती, खालच्या फांद्यांच्या आडोशाला, पोकळ भुसभुशीत खड्डा तयार होतो, त्यात डोकं खाली जाऊन पडलात तर स्वतःहून बाहेर येणं फार कठीण. उघड्या उतारांची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या बाहेर आम्ही गेलो नाही. त्या दिवशीच्या हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोक्याची पातळी 5 पैकी 3 होती, आणि 3 ला मधली म्हणून लोक हलक्यात घेतात, पण तिथे माणसाच्या वजनानेही बर्फाचा अख्खा थर (स्लॅब) सुटू शकतो. बहुतेक स्लॅब हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमका जो उतार आपल्याला मजेचा वाटतो तोच. बीकन (गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि ते वापरायचं शिक्षण यातलं एकही नसेल तर बोर्डची टेस्ट दोरीच्या आतच होते आणि पुरेशी होते.

पहिल्या रनला बाइंडिंग रोजच्याच जागी ठेवलं. बोर्ड तरंगला, पण मागच्या मांडीने हिशोब मागितला, सारखं मागे वजन टाकून पुढचं टोक वर ठेवावं लागत होतं. मग दोन्ही बाइंडिंग एकेक भोक मागे, 2 सेंटीमीटर. एवढ्याशा सरकण्याने काय होणार असं वाटलं होतं, पण मांडीला आराम मिळाला आणि वळण सुरू करताना टोक बुडायचं थांबलं. कोरी ताजी पावडर, गुडघ्यापर्यंत, त्यात बोर्डखालून कसलाच आवाज येत नाही, फक्त जॅकेटवर बर्फ आपटल्याचा. दुपारी 152 बदलून घेतला (सेंटरवर अर्धा तास गेला त्यात), आणि मोकळ्या उतारावर तो उघड जास्त तरंगत होता. झाडांमध्ये मात्र उलटं. दोन झाडांच्या मधे पटकन वळवायचा म्हटलं की 149 आधीच वळलेला असायचा, 152 ला आधी सांगावं लागायचं. आठवडाभर फक्त पावडर मिळणार असेल तर मी 152 घेईन, पण असं कुणाला मिळतं?

त्याच दुपारी सगळा उतार तुडवला गेल्यावर ढेकळं झाली होती, तिथेही फिरून आले. ऑल-माउंटन बोर्डची खरी परीक्षा मला वाटतं इथेच आहे, कारण बहुतेक दिवस दुपारनंतर बर्फ असाच असतो आणि आपले पाय थकलेले असतात. मऊ बोर्ड ढेकळावर आपटून उडतो, फार ताठ बोर्ड प्रत्येक ढेकूळ गुडघ्यापर्यंत पोचवतो. हा मधला निघाला, वेग कमी ठेवला तर ढेकळांवरून वाकून जातो, वेग वाढवला की टोक हलायला लागतं. मोगल (उतारावरचे बर्फाचे उंचवटे) मला फार येत नाहीत त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. उड्या-अडथळ्यांच्या पार्कमध्ये दोन छोट्या उड्या आणि एक बॉक्स, ठीक होता, डायरेक्शनल ट्विन (दोन्ही टोकं जवळपास सारखी) असल्यामुळे उलटं, म्हणजे मागचा पाय पुढे करून, चालवतानाही परका वाटला नाही.

मार्चमधला स्लश, म्हणजे अर्धवट वितळलेला ओला बर्फ, उरला होता. 14 मार्चला दुपारी ऊन इतकं की टी-शर्टवर लोक, आणि खालच्या सपाट भागात बोर्ड असा चिकटायचा की कुणीतरी मागून धरलंय. ओल्या बर्फात बेसखाली पाण्याचा थर साचतो आणि तो बेसला ओढून धरतो, म्हणून तिथे गरम हवामानाचं वॅक्स लागतं आणि बेसवर पाणी वाहून जाईल अशा बारीक रेषा कोरलेल्या असतील तर आणखी बरं. बेस उलटा करून बघितला तर एजजवळ पांढरट कोरडा पडलेला, म्हणजे वॅक्स कधीच संपलेलं. सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) बेस वॅक्स चांगलं पितो आणि पळतोही, पण उपाशी ठेवला तर साध्या एक्स्ट्रुडेड (प्लास्टिक वितळवून केलेल्या) बेसपेक्षा फार काही वेगळा वागत नाही. ज्यांना वर्षातून एकदाही वॅक्स करायचा कंटाळा आहे त्यांनी सिंटर्डसाठी जादा पैसे कशाला द्यायचे ते मला कळत नाही. सेंटरवर गरम हवामानाचं वॅक्स लावून घेतलं, ते थंड झाल्यावरच खरवडायचं असतं म्हणून थांबावं लागलं, पण नंतर त्याच सपाट भागातून न थांबता पार झाले. वॅक्स मागताना फ्लोरोवालं (फ्लोरिन असलेलं) मागू नका, त्यातली रसायनं वर्षानुवर्षं निसर्गात टिकून राहतात, एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) 2023-24 च्या सीझनपासून स्पर्धांतही त्यावर बंदी घातलीय. आणि वसंतातल्या बर्फाला वेळ असते. रात्री गोठलेलं सकाळी दगड, मग वरचा थर सैल होऊन मस्त दाणेदार, आणि दुपारी चिखल. मधली ती वेळ साधली तर आयुष्यातली सगळ्यात सोपी वळणं तिथे मिळतात, त्यामुळे बोर्डचं मत सकाळ आणि दुपार वेगवेगळं लिहा.

शेवटी 149 घेतला. पावडरमध्ये थोडं कमी मिळणार हे माहीत असून, कारण माझे बहुतेक दिवस ग्रूम केलेल्या उतारावर आणि झाडांमध्ये जातात. तुमचे दिवस कुठे जातात ते आधी प्रामाणिकपणे बघा, कुठे जावेत असं वाटतं ते नको. गोठलेल्या उतारावर वेगाने जायची ज्यांना हौस आहे त्यांना हा बोर्ड कमी पडेल, त्यांनी जास्त कॅम्बरवाला ताठ बघावा, आणि अगदी नवीन असाल तर अजून वर्षभर भाड्याचाच वापरा.

भाडं वजा करून घेताना काउंटरवर नवीन माणूस होता, त्याला ही सवलतच माहीत नव्हती. पावतीवर लिहून घेतलेलं दाखवलं, त्याने मॅनेजरला फोन लावला, वीस मिनिटं गेली पण वजा झालं. त्यातही दुपारी बोर्ड बदलला तो दिवस त्यांनी एकच धरला होता, दोन नाही, तेवढं तुमच्या पावतीवरही तपासून बघा. डिपॉझिटचा शेवटचा ब्लॉक पुढच्या आठवड्यात सुटला. नवीन बोर्ड आला तेव्हा सीझन संपत आला होता, म्हणून एकदाच चालवला, मग पुसून कोरडा करून बेसवर वॅक्सचा जाड थर दिला आणि न खरवडता ठेवून दिला, एजवरही थोडं वॅक्स फिरवलं म्हणजे गंज धरत नाही. बाइंडिंग काढून ठेवलीयत, स्क्रू एका डबीत, डबीवर कोन आणि अंतर लिहून चिकटवलंय.